परवलीचा शब्द आणि प्रश्नचिन्ह

संगणकाला अक्षरे कळत नाहीत, फक्त संख्या कळतात, हे आपण वर्गात नेहमी सांगतो. 'क' साठवायचा म्हणजे त्याला एक क्रमांक द्यायचा. पण हा क्रमांक ठरवायचा कोणी? उत्तर असे, की तो अनेकांनी ठरवला आणि प्रत्येकाने वेगळा ठरवला.

१९६३ साली अमेरिकेत आस्की हे कोष्टक तयार झाले. त्यात जागा १२८, आणि त्या रोमन अक्षरे, आकडे, विरामचिन्हे व यंत्रासाठीच्या नियंत्रण-खुणा यांच्यासाठीच होत्या. भारतीय लिप्यांसाठी पुढे इस्की हे कोष्टक आले. १९९१ मध्ये ते भारतीय मानक झाले. त्यात 'क' म्हणजे १७९. पण पश्चिम युरोपच्या लॅटिन-१ या कोष्टकात १७९ म्हणजे घन दाखवण्यासाठी आपण वर लिहितो तो छोटा ३! युनिकोडने जगभरातल्या लिप्या एका कोष्टकात आणल्या. तिथे 'क' २३२५ वर बसतो. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढ्याच संख्या मावतात, म्हणून हा क्रमांक अनेक बाइटांत मांडावा लागतो. १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी शोधलेल्या यूटीएफ-८ या रीतीने 'क' होतो २२४, १६४, १४९.

म्हणजे मजकूर एका यंत्रणेतून दुसरीकडे जाताना त्याचे रूपांतर करावे लागते. पण नव्या कोष्टकात त्या अक्षराला जागाच नसेल तर? बऱ्याच प्रणाली अशा वेळी त्या जागी '?' ठेवतात आणि पुढे जातात. जावा भाषेत मजकुराचे आस्कीत रूपांतर करण्याची जी नेहमीची सोपी सोय आहे, ती नेमके हेच करते आणि चूक झाल्याचे कळवतही नाही. छापील पत्रात हे फारसे बिघडवत नाही. वाचणारा माणूस असतो, तो अंदाजाने समजून घेतो.

पासवर्डची गोष्ट वेगळी आहे. नीट रचलेली यंत्रणा आपला परवलीचा शब्द साठवून ठेवत नाही. त्याच्या बाइटांवर एक गणिती प्रक्रिया करून जो ठसा मिळतो, तेवढाच ती ठेवते. ठशावरून शब्द परत मिळवण्याचा सरळ मार्ग नसतो. आपण पुन्हा शब्द टंकला की पुन्हा ठसा काढायचा आणि दोन्ही ठसे ताडून पाहायचे. ही प्रक्रिया अक्षरे पाहत नाही, बाइट पाहते. एक बाइट बदलला तरी ठसा पार बदलतो.

हा धोका वर्गात करून दाखवता येतो. प्रत्येक विद्यार्थ्याला काना-मात्रा नसलेला तीन अक्षरी मराठी शब्द गुप्तपणे चिठ्ठीवर लिहायला सांगा: कमळ, गवत, मगर, काहीही. मग फळ्यावर फक्त रोमन अक्षरांचे क्रमांक लिहा आणि नियम सांगा: कोष्टकात नसलेल्या अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह मांडायचे. सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवर '???' येईल. आता ठसा काढायची रीत कितीही अवघड घ्या, सर्वांचा ठसा एकच! ज्याचे कुलूप त्यालाही ते उघडते आणि शेजाऱ्यालाही. आणि मालकाला संशय येत नाही, कारण त्याचा स्वतःचा शब्द दर वेळी बरोबर चालतो.

असाच प्रकार जुन्या युनिक्समधल्या ठसा काढण्याच्या पद्धतीतही आहे. १९७९ च्या आवृत्तीत आलेली ही पद्धत शब्दाचे पहिले आठच बाइट पाहते. रोमन अक्षरांत म्हणजे आठ अक्षरे. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षर-चिन्हाला तीन बाइट लागतात. 'क' आणि 'म' यांचे सहा झाले. 'ळ' म्हणजे २२४, १६४, १७९ आणि 'ल' म्हणजे २२४, १६४, १७८. फरक नवव्या बाइटात आहे, आणि तो कोणी पाहतच नाही. म्हणून या पद्धतीला 'कमळ' आणि 'कमल' एकच!

मग रूपांतर जमले नाही तर काय करावे? आमच्या मते नियम सरळ आहे: जमले नाही, तर जमले नाही असे म्हणावे. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू केलेल्या सांबा या प्रणालीत याचे चांगले उदाहरण सापडते. विंडोजच्या जाळ्याशी बोलण्यासाठी तिला 'लॅन मॅनेजर' नावाचा जुना ठसा काढावा लागे. त्यासाठी शब्द मोठ्या रोमन लिपीत आणि त्या यंत्राच्या जुन्या कोष्टकात बदलायचा, मग सात-सातचे दोन तुकडे करायचे. शब्द चौदापेक्षा लांब असेल किंवा कोष्टकात बसत नसेल, तर ठसा काढणारा भाग 'हा ठसा विश्वासार्ह नाही' असा निरोप देतो. निरोप ऐकायचा मात्र पुढच्या भागाने. तो न ऐकता हाती आलेला रिकामा मजकूरच कोणी ठशासाठी वापरला, तर ज्यांची ज्यांची रूपांतरे फसली त्या सगळ्यांना पुन्हा एकच कुलूप मिळते. ही चूक प्रश्नचिन्हाहून वाईट म्हटली पाहिजे, कारण तिथे निदान शब्दाची लांबी तरी उरते.

नकार केव्हा द्यायचा, यालाही महत्त्व आहे. शब्द ठरवतानाच 'हे अक्षर इथे चालणार नाही' असे स्पष्ट सांगितले, तर माणूस दुसरा शब्द निवडतो. तेव्हा गप्प बसून नंतर दार अडवले, तर तो बिचारा आपलाच शब्द पुन्हापुन्हा टंकत बसतो.

आतापर्यंत पाहिली ती उघड फसलेली रूपांतरे. काही फसतात आणि दिसत मात्र नाहीत. आपला 'ऱ' घ्या. युनिकोडमध्ये तो २३५३ या एका क्रमांकाने लिहिता येतो, किंवा 'र' (२३५२) आणि खालचे टिंब (२३६४) असा दोन क्रमांकांनीही. पडद्यावर दोन्ही सारखेच, बाइट वेगळे, म्हणून ठसे वेगळे. घरच्या संगणकावर ठरवलेला शब्द दुसऱ्या कळफलकावर चालेनासा होतो. यावर उपाय म्हणजे ठसा काढण्याआधी दोन्ही रूपे एका प्रमाण रूपात आणणे. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शनात असेच सुचवले आहे.

पण 'ऱ्या'मधला आडवा अर्धा र आणखी एका प्रकारे लिहितात: र, हलन्त, आणि मग ८२०५ क्रमांकाचे एक अदृश्य जोडचिन्ह. निस्टने सुचवलेले प्रमाणीकरण या चिन्हाला हात लावत नाही, त्यामुळे फरक राहतो. उलट २००५ मधला 'सॅसलप्रेप' हा नियम अदृश्य चिन्हे काढून टाकतो. चिन्ह गेले की आडवा र डोक्यावर चढून रफार होतो, आणि अशा रीतीने टंकलेल्या 'आचाऱ्यांना'चे 'आचार्यांना' होते. स्वयंपाकी आणि गुरुजी एक! हे नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मराठी नसावी, असे आम्हाला वाटते. पोस्टग्रेस ही माहितीसाठ्याची प्रणाली २०१७ पासून सॅसलप्रेप वापरते. नियम लागू करता आला नाही, उदाहरणार्थ शब्द वैध यूटीएफ-८ नसला, तर ती मूळ बाइट जसेच्या तसे घेते. काही गाळत नाही आणि काही घालत नाही, म्हणून दोन वेगळे शब्द एक होण्याचा प्रश्न येत नाही.

पासवर्डमध्ये दोन शब्द एक झाले तर कुलूप थोडे कच्चे होते. वापरकर्त्याच्या नावात तसे झाले तर माणसेच एक होतात. २०१३ मध्ये स्पॉटिफाय या संगीतसेवेत हे घडले. तिथे नावाचे प्रमाण रूप काढणारी क्रिया एकदा केली तर एक उत्तर आणि त्या उत्तरावर पुन्हा केली तर दुसरे उत्तर देत होती. ओळीच्या वर चढवलेल्या छोट्या रोमन अक्षरांत कोणी 'बिगबर्ड' असे नाव नोंदवले, की पहिल्या फेरीत ते नवे म्हणून स्वीकारले जाई. मग त्याने पासवर्ड बदलायचा दुवा मागवला की दुसऱ्या फेरीत ते साध्या अक्षरांतल्या 'बिगबर्ड'शी जुळे, आणि बदल त्या दुसऱ्याच माणसाच्या खात्यात होई. मूळ क्रिया जुन्या पायथॉनवर बरोबर चालत होती. पायथॉनची आवृत्ती बदलली, तिच्यासोबतचे अक्षरकोष्टक नवे आले आणि ती बिघडली.

शाळेत संगणक असेल तर पायथॉनमध्ये 'ऱ' दोन्ही प्रकारे टंकून प्रत्येकाची लांबी विचारा. एकदा १ येईल, एकदा २. मग दोन्ही समान आहेत का, असे विचारा आणि उत्तर पाहून विद्यार्थी काय म्हणतात ते ऐका.