बिनीला सोबत होती का?

ओरांगउटान रोज रात्री नवं घरटं कसं बांधतं, हे आज सांगायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय. एक पत्र आलंय, आणि ते बाजूला ठेवून घरट्यांवर लिहायला बसलो तर लक्ष लागणार नाही.

पत्र लांबून आलेलं नाही, आमच्याच ठाण्याच्या टेंभी नाक्यावरच्या एका काकूंचं आहे. त्या लिहितात, "ओरांगउटान बघायचं तर म्हैसूर गाठा, असं तुम्ही ठणकावून लिहिलंत. मग २००१ की २००२ च्या मे महिन्यात मी भाच्यांना घेऊन कात्रजला गेले होते, तिथे लांब हातांचं, तांबड्या केसांचं जे बसलं होतं ते काय होतं? एकटंच होतं. धाकटा भाचा म्हणाला, याला खेळायला कुणी नाही का? पुढे त्याचं काय झालं?"

काकू, तुम्ही पाहिलंत ते ओरांगउटानच. नाव बिनी, मादी. पुण्याच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयातून २००३ च्या नोव्हेंबरात तिला भुवनेश्वरच्या नंदनकाननला हलवलं. तेव्हा ती पंचविशीत होती, म्हणजे ऐन उमेदीत. पुढची साडेपंधरा वर्षं तिने तिथेच काढली. शेवटी शेवटी देशातलं एकुलतं एक ओरांगउटान म्हणून लोक तिला बघायला यायचे. घशातली जखम आणि श्वसनमार्गाचा संसर्ग यांनी ती आजारी होती. २९ मे २०१९ रोजी गेली. वय ४१. पुण्याच्या मित्रांपाशी विषय काढला तर त्यांना कात्रजचे साप आठवतात, पांढरा वाघ आठवतो. बिनी आठवणारं माणूस मला नाक्यावरच भेटावं, याची गंमत वाटली.

४१ हे काही ओरांगउटानचं जख्ख म्हातारपण नव्हे. ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयात पुआन नावाची सुमात्रन ओरांगउटान होती. १९६८ साली तिथे आली आणि २०१८ साली, ६२ व्या वर्षी वारली. तिला ११ पिल्लं झाली आणि लेकरं, नातवंडं, पतवंडं मिळून ५४ जणांचा वंश जगभर पसरला.

आता भाच्याचा प्रश्न. ‘ओरांगउटान हा मुळातच एकटा राहणारा प्राणी, त्यामुळे बिनीचं काही बिघडलं नाही,’ असं म्हणून तो झटकून टाकणारे मला पुष्कळ भेटलेत. पुस्तकात तसं छापलेलंही असतं. पण ते एकटं का राहतं, हे बघायला हवं. बोर्निओ-सुमात्राच्या जंगलात पिकलेली फळं एका जागी ढिगाने मिळत नाहीत. एक झाड इथे, दुसरं कोसभर पलीकडे. एवढ्या धिप्पाड देहाच्या चार-पाच जणांनी एकत्र हिंडायचं ठरवलं तर सगळेच उपाशी राहतील. म्हणून ज्याची त्याची वाट वेगळी. तरी पिल्लू सात-आठ वर्षं आईला धरून असतं. कुठलं फळ कधी पिकतं, कुठली साल सोलून खायची, हे तिच्याकडूनच शिकतं. लेक मोठी झाली की बहुतेकदा आईच्या शेजारचाच मुलूख धरते. वडा-उंबराच्या जातीचं मोठं झाड फळांनी लगडलं की एरवी फटकून असणाऱ्या माद्या एकाच झाडावर दिसतात. गालफडं फुगलेला मोठा नर ओरडतो ते किलोमीटरभर ऐकू जातं, आणि कोण कुठे आहे ते सगळ्यांना कळतं. दुबईला नोकरीसाठी गेलेला माणूस खोलीत एकटा राहतो म्हणून कुणी त्याला एकलकोंडा म्हणत नाही, तसंच हे. जिथे पोटाची चिंता नाही अशा चांगल्या प्राणिसंग्रहालयांत हीच ओरांगउटानं एकत्र खेळतात, एकमेकांच्या हातातलं खातात.

तेव्हा भाच्याला सांगा, की तुझी शंका बरोबर होती. बिनीला माणसं मिळाली, डॉक्टर मिळाले. शेजारी स्वतःच्या जातीचं कुणी असतं तर तिने काय केलं असतं, हे तिची काळजी घेणाऱ्यांनाही बघायला मिळालं नाही.

आपल्याकडे याला नियम आहे. १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं, आणि त्यानंतरच्या नियमांत म्हटलंय की सबळ कारण नसेल तर कुठलाही प्राणी वर्षभरापेक्षा जास्त काळ जोडीदाराशिवाय ठेवू नये. जोडीदार मिळत नसेल तर त्याला दुसरीकडे हलवावं. उतारवयातल्या प्राण्याला सूट. नियम चांगलाच आहे. पण त्यात जोडीदार म्हणजे नराला मादी आणि मादीला नर, पुढे पिल्लं. वाघ, सिंह, हरणं डोळ्यांपुढे ठेवून केलेला हा हिशेब आहे. कपींना तो पुरत नाही. त्यांना जोडीच्या आधी सोबत लागते, आणि ती सोबत कुठली हे प्रत्येक जातीत निराळं. हे माझं जुनं भांडण आहे आणि नेहमीच्या वाचकांना ते ठाऊक आहे, तरी गोरिलाचं उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही.

म्हैसूरच्या चामराजेंद्र प्राणिसंग्रहालयात पोलो नावाचा गोरिला होता. १९९५ साली डब्लिनहून आलेला. शेवटची कितीतरी वर्षं तो भारतातला एकमेव गोरिला होता; २०१४ साली गेला. मग सात वर्षं देशात गोरिलाच नव्हता. २०२१ मध्ये जर्मनीहून थाबो आणि डेंबा आले, एक १४ वर्षांचा, दुसरा ८ वर्षांचा, भाऊ भाऊ. त्याच वर्षी सिंगापूर आणि मलेशियातून चार ओरांगउटानंही आली. बिनीनंतरची रिकामी जागा भरली ती अशी.

म्हैसूरला गोरिलांच्या खंदकापाशी अर्धा तास उभे राहा. कुठल्याही भाषेत एकच प्रश्न कानावर पडतो : "मादी कुठाय?" दोन्ही नरच आहेत म्हटल्यावर लोक हळहळतात, फसवल्यासारखं तोंड करून पुढे जातात. गोरिलांत नर आणि मादी जवळपास सारख्याच संख्येने जन्मतात, पण एका कळपात पाठीवर रुपेरी केस आलेला म्होरक्या बहुधा एकच, बाकी माद्या आणि पोरं. जंगलात वयात आलेले तरुण नर बाहेर पडतात, कुणी एकटे भटकतात, काही जण आपापसांत टोळी करून राहतात. रवांडाच्या डोंगरांत अशा नरांच्या टोळ्या अभ्यासकांनी पाहिल्या आहेत. प्राणिसंग्रहालयात बाहेर पडायला जागा कुठे? म्हणून युरोपातल्या संस्था या तरुण नरांचे ब्रह्मचाऱ्यांचे कळप करतात. थाबो-डेंबा त्याच व्यवस्थेतून इथे पोचलेत. त्यांच्यासाठी हे योग्यच आहे, आणि माझ्या मते पोलोच्या आयुष्यापेक्षा शंभर पटींनी बरं आहे.

तिथेच मला एक म्हैसूरकर भेटले. साठी उलटलेले, डोक्याला मफलर, हातात दुमडलेली छत्री. मी त्यांच्याकडे बघितलं ते ते हलत नव्हते म्हणून. प्राणिसंग्रहालयातला खरा वेडा असाच ओळखू येतो. गर्दी येते, मोबाइल वर होतात, "उठ रे, ए उठ" होतं, गर्दी सरकते, हा तिथेच. कीपर दिसला की तो "किती खातो?" असं विचारत नाही, "काल संध्याकाळी खाल्लं का?" असं विचारतो. त्यांना मराठी येत नव्हतं, मला कन्नड नाही. तोडक्या हिंदीत कळलं ते इतकंच, की पोलोला त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं. म्हणाले, पोलो माणसांकडे बघायचा. हे दोघे एकमेकांकडे बघतात. मग आम्ही ओरांगउटानांकडे गेलो. त्यांतल्या एका मादीने गोणपाट उचललं, दोन्ही हातांनी झटकलं, डोक्यावर घेतलं आणि कडेची घडी नीट पुढे ओढून बसली. पावसात हीच जात जंगलात पानांची फांदी अशी डोक्यावर धरते. दुसरी सरपटत आली आणि त्याच गोणपाटाचं टोक धरून बाजूला टेकली. हिसकाहिसकी नाही, काही नाही. म्हैसूरकरांनी मला कोपराने ढोसलं. एवढ्यावर आमची मैत्री झाली, ती अजून आहे.

नाक्यावरचा आमचा गटही असाच जमलेला. निवृत्त मोटरमन, औषधांच्या दुकानातला एक, कल्याणहून येणारी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी. जांभळी नाक्याशी चहा, आणि एखाद्या रविवारी लोकलने भायखळा. राणीच्या बागेत आज एकही महाकपी नाही, तरी आम्ही जातो. पाणमांजराला आणि अस्वलालाही तासभर देता येतोच. "माकडं बघायची तर येऊरला जा की, फुकट आहेत," हा टोमणा नाक्यावर कायमचा. माकडाला शेपटी असते, कपीला नसते, हे आम्ही आता समजावत बसत नाही.

चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल गेल्या ती २०२५ ची खंडेनवमी होती. नाक्यावर देवीच्या दर्शनाची रांग, ढोल, दिव्यांची रोषणाई, आणि रात्री उशिरा बातमी आली. आदल्याच वर्षी नोव्हेंबरात त्या मुंबईला येऊन गेल्या होत्या. गर्दीतच आम्ही एका बाजूला उभे राहिलो आणि बोलणं निघालं ते फ्लो आणि फ्लिंटचं. १९६० साली गोंबेच्या जंगलात गुडॉलबाईंनी चिंपांझींना क्रमांक न देता नावं दिली, त्यावर विद्वानांनी नाकं मुरडली होती. फ्लो ही म्हातारी मादी १९७२ साली मेली. तिचा आठ वर्षांचा फ्लिंट, आईला चिकटूनच राहिलेला, खाईनासा झाला, मलूल झाला आणि काही आठवड्यांत तोही गेला. आई गेली म्हणून मूल मेलं, हे क्रमांकांच्या वहीत कसं उमटलं असतं? तेव्हा "प्राण्याला काय कळतंय" म्हणणाऱ्यांनी निदान फ्लिंटपाशी थांबावं.

बिनी गेली त्याच वर्षी, २०१९ च्या ऑक्टोबरात दिल्लीची रिटाही गेली. अ‍ॅमस्टरडॅमला १९६० साली जन्मलेली, भारतातली सगळ्यात वयस्क चिंपांझी. तिच्यावर एक अख्खा लेखांक लिहायचाय, पण घरट्यांच्या आधी नाही.

तर विनंती अशी. १९९९ ते २००३ या काळात कात्रजला गेला असाल तर जुने अल्बम काढा. तेव्हा रोलचे कॅमेरे होते, त्यामुळे फोटो मोजकेच, पण कडेवरच्या मुलाच्या मागे एखाद्यात बिनी दिसेलही. सापडला तर पाठीमागे तारीख लिहून माझ्याकडे पाठवा. प्रत काढून मूळ फोटो परत करीन. काकूंनी माळ्यावरची पेटी उघडायला घेतली आहेच. आणि सुट्टीत म्हैसूरला निघाला असाल तर कल्याणला शरावती एक्स्प्रेस पकडा, सकाळी दार उघडताच आत जा, आणि थाबो-डेंबापैकी कोण कुणाजवळ जाऊन बसतो तेवढं मला कळवा. मंगळवारी मात्र जाऊ नका, म्हैसूरचं प्राणिसंग्रहालय त्या दिवशी बंद असतं.