गरुडाचे घर आणि कॅमेऱ्याचा डोळा

पावसाळा सरतो, समुद्राचे गढूळ पाणी निवळू लागते आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर एका जोडप्याची घर उभारण्याची लगबग सुरू होते. हे जोडपे पांढऱ्या पोटाच्या समुद्र गरुडाचे. बंदरावर मासळीभोवती घिरट्या घालणारी तांबूस ब्राह्मणी घार आपण नेहमी पाहतो, पण तिच्यापुढे हा पक्षी खूपच मोठा. डोके, मान आणि पोट पांढरेशुभ्र, पाठ राखाडी, शेपूट पाचरीच्या आकाराची आणि पसरलेल्या पंखांचे अंतर सुमारे दोन मीटर. मादी नरापेक्षा थोराड असते. आकाशात तरंगताना तो पंख किंचित वर उचलून धरतो. ही खूण लक्षात ठेवली, तर तो दुर्बिणीशिवायही ओळखता येतो.

समुद्र गरुडाचे जोडपे सहसा वर्षभर एकाच टापूत राहते, पण विणीचा हंगाम जवळ आला की दोघांच्या वागण्याला वेगळाच रंग चढतो. सकाळ-संध्याकाळ एकाच फांदीवर शेजारी बसून, माना वर करून दोघे मोठ्याने साद घालतात. त्यांचा आवाज गोड म्हणता येणार नाही. बदकाच्या ओरडण्याची आठवण करून देणारा तो खणखणीत आवाज माडांच्या रांगा ओलांडून दूरवर जातो. मग आकाशातला पाठलाग सुरू होतो. एक पुढे, दुसरा मागे. मधेच पुढचा पक्षी हवेत उलटा होतो, पायांचे पंजे वर करतो, मागचा त्यात आपले पंजे अडकवतो आणि दोघे भिंगरीसारखे गरगरत खाली येतात. आता आदळणार असे वाटत असतानाच पकड सुटते आणि दोघे पुन्हा उंच जातात.

हे सारे काही सेकंदांत घडते. ते टिपायचे, तर छायाचित्रकाराकडे लांब पल्ल्याचे भिंग हवेच, पण त्याहून अधिक हवी ती चिकाटी. शिवाय या पक्ष्याचा रंगच कॅमेऱ्याला चकवणारा. गर्द झाडीच्या पार्श्वभूमीवर पांढरे पोट इतके उजळते की पिसांचा पोत नाहीसा होतो. उलट, लखलखत्या आकाशापुढे तेच पोट काळवंडते. त्यामुळे प्रकाशाचा अंदाज यंत्रावर न सोडता स्वतः घ्यावा लागतो. फिल्मच्या काळात एका रोलमध्ये छत्तीस चित्रे असत आणि त्यातले एक साधले तरी छायाचित्रकार खूश असे. आता हजार चित्रे काढता येतात. पण गरुड काही त्यासाठी जास्त वेळा उलटा होत नाही!

या प्रणयाची चित्रे उघड्या किनाऱ्यावरून, दूर उभे राहून काढता येतात. खरा प्रश्न उभा राहतो तो घरट्यापाशी.

उंच सुरूच्या, आंब्याच्या किंवा वडाच्या शेंड्याकडे काटक्यांचा हा भलामोठा ढीग रचला जातो. तेच घरटे वर्षानुवर्षे वापरात राहते आणि दरवर्षी त्यात नवी भर पडते. मादी बहुधा दोन अंडी घालते. ती उबवायला सुमारे चाळीस दिवस लागतात आणि त्यानंतर पिल्लू दोन-अडीच महिने घरट्यात असते. एवढे करून अनेकदा एकच पिल्लू उडते. त्या पिल्लालाही मोठ्यांचा पांढरा-राखाडी वेष मिळायला चार-पाच वर्षे लागतात. एक वीण वाया गेली की त्या जोडप्याचे वर्ष गेले!

वीण वाया घालवायला कुऱ्हाडच लागते असे नाही. माणूस झाडाखाली येऊन रोखून पाहत उभा राहिला, की गरुड अस्वस्थ होऊन उठतो. कावळे टपलेलेच असतात, उघडी अंडी त्यांना आयती मिळतात. अंगावर पिसे नसलेल्या पिल्लाला कोकणातले ऊन सोसत नाही, त्याला आई-बापांच्या पंखांची सावली लागते. वाडीतल्या गड्याची रोजची ये-जा पक्ष्याच्या सवयीची होऊन जाते, कारण गडी आपल्या कामात असतो. वर रोखलेले भिंग आणि घरट्यावर घोंघावणारा ड्रोन यांची गोष्ट वेगळी.

पक्ष्यांच्या अभ्यासाचा इतिहास पाहिला, तर कॅमेरा हे खरे म्हणजे दयेचे साधन. १८८० साली जी. डब्ल्यू. विडाल यांनी दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्याचे संपादक ए. ओ. ह्यूम म्हणजे पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे गृहस्थ. त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे बंदूक चालवणे आणि अंडी गोळा करणे. पुढे बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली. १९२० च्या दशकात अमेरिकेत ओहायो राज्यात फ्रान्सिस हेरिक यांनी गरुडाच्या घरट्याजवळ उंच मनोरा उभारला आणि त्यावरच्या लपणीत बसून या कुटुंबाचा दिनक्रम टिपला. धोका छायाचित्रकारालाही असतोच. इंग्लंडचे एरिक हॉस्किंग १९३७ साली घुबडाचे घरटे टिपायला गेले आणि पक्ष्याच्या हल्ल्यात डावा डोळा गमावून बसले.

आपला कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणेही येते आणि समुद्र गरुड पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे गोळी न झाडताही शिकार होऊ शकते. अनेक छायाचित्र स्पर्धा आता घरट्याची चित्रे स्वीकारत नाहीत, त्यामागेही हाच विचार आहे.

मग करायचे काय? सोपी कसोटी अशी: आपल्याकडे पाहून पक्षी उठला, ओरडू लागला, तर आपण फार जवळ आलो आहोत. तिथून मागे फिरावे. अंडी आणि लहान पिल्ले असताना तिकडे जाऊच नये. पिल्लू फांदीवर येऊन पंख फडफडवू लागले की दूरवरून हवी तेवढी चित्रे काढावीत. आणि चित्र मोबाईलवरून पाठवताना गावाचे, वाडीचे नाव कळवू नये. चित्रासोबत ठिकाणाची नोंदही जाऊ शकते, तीही काढून टाकावी.

आपल्या जिल्ह्यात यापुढचेही एक काम आहे. अनेक घरटी कुणाच्या ना कुणाच्या खासगी वाडीत असतात. तो आंबा किंवा ते सुरूचे झाड मालकाला लाकडाच्या भावाने दिसते. त्या झाडावर गरुडाचे घर आहे, याचा त्याला अभिमान वाटला तरच ते उभे राहील. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने समुद्र गरुडांच्या घरट्यांची पाहणी केली आणि याच संस्थेने २००२ साली वेळासला ग्रामस्थांना सोबत घेऊन कासवांच्या रक्षणाचे काम सुरू केले. वेळासने दाखवून दिले की गाव आपले म्हणते तेव्हा प्राणी वाचतो.

म्हणून दुरून काढलेल्या प्रणयाच्या चित्राची एक चांगली प्रत वाडीच्या मालकालाही द्यावी. ती त्याच्या पडवीतल्या भिंतीवर लागली, तर झाड तोडायचा विचार मनात येण्याआधी तो एकदा तिच्याकडे पाहील.