ना मोटार, ना लाईट, तरी पाणी चढावर! खेळण्यातल्या ठोकळ्यांनी उघडं पाडलेलं एका चित्राचं गुपित

एक पाणचक्की आहे. चाकावर वरून पाण्याची धार पडते, चाक फिरतं आणि पाणी खालच्या पाटात येतं. पाट दोन-तीन वळणं घेत पुढे जातो आणि शेवटी पाणी पुन्हा त्याच धारेच्या तोंडाशी पोचतं. म्हणजे दोन मजले वर! मोटार नाही, डिझेल नाही, रात्री लाईट यायची वाट बघणं नाही. शेजारी एक बाई निवांत कपडे वाळत घालतेय, तिला यात काही नवल वाटत नाही.

हे चित्र नेदरलँड्सच्या मॉरिट्स एशर (१८९८-१९७२) या चित्रकाराचं. नाव 'धबधबा', साल १९६१. चित्रातला कुठलाही एक कोपरा बोटाने झाकून बघा, उरलेलं सगळं बरोबर वाटतं. सगळं एकदम बघितलं की डोकं गरगरतं. एशर गमत्या माणूस होता. ऊन-वाऱ्याने जेवढं पाणी उडेल तेवढं गिरणीवाल्याने मधून मधून बादलीने टाकलं की भागलं, असं त्याने या चित्राबद्दल सांगून ठेवलंय.

आता कागदावर काहीही काढता येतं. पण ब्रिटनमधल्या अँड्र्यू लिप्सन आणि डॅनियल शिऊ या दोघांनी एशरच्या अशा चित्रांना हात घातला तो लेगोचे ठोकळे घेऊन. लेगो म्हणजे एकमेकांत टचकन बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटा. त्यांची नक्कल आता आपल्याकडे जत्रेतल्या दुकानांतही मिळते. 'धबधबा', न संपणाऱ्या जिन्याचं 'चढण आणि उतरण', खांब पुढून मागे जाणारं 'बेल्व्हेडेअर' अशी चित्रं ठोकळ्यांत उभी राहिली. फोटो बघणाऱ्याला पहिली शंका येते की हे कॉम्प्युटरवर जुळवलं असणार. तसं करायची गरजच नाही. फोटो खरा, ठोकळे खरे, तरी दिसतं ते खोटं. खरी मेख इथेच आहे.

बाप-लेकाचा त्रिकोण

एशरला ही कल्पना दिली ती लायोनेल आणि रॉजर पेनरोज या इंग्रज बाप-लेकाने. १९५४ मध्ये ॲमस्टरडॅमला गणितज्ञांची मोठी परिषद भरली होती. तिथे तरुण रॉजरने एशरची चित्रं पाहिली आणि तो झपाटला. मग दोघा बाप-लेकांनी 'अशक्य वस्तूं'वर लेख लिहिला, १९५८ मध्ये. त्यात तीन दांड्यांचा एक त्रिकोण आणि कायम चढतच राहणारा जिना होता. एशरने तो लेख वाचून जिन्याचं चित्र १९६० मध्ये काढलं आणि त्रिकोणावरून पुढच्या वर्षी धबधबा. हेच रॉजर पेनरोज पुढे कृष्णविवरांवरच्या कामासाठी २०२० चं नोबेल घेऊन गेले. योगायोग असा की लेगो कंपनीने आजच्या विटेच्या पेटंटसाठी डेन्मार्कमध्ये अर्ज केला तोही १९५८ मध्येच. (तसा त्रिकोण मात्र स्वीडनच्या ऑस्कर रॉयटर्सवार्डने १९३४ मध्येच काढून ठेवला होता. त्याचा मान त्याला द्यायलाच हवा.)

ठोकळाच का?

माती असती तर हवी तशी वाकवता आली असती. लाकूड रंधून, तासून बसवता येतं. लेगोची वीट ९.६ मिलिमीटर उंच, वरच्या गुंड्या ८ मिलिमीटर अंतरावर, आणि जोडणी सगळी काटकोनात. थोडं ढकलून, थोडं घासून जमवू म्हटलं तर जमत नाही. त्यामुळे चित्रातली लबाडी नेमकी कुठे आहे ते बांधणाऱ्याला शोधावंच लागतं. गवंडी जसा ओळंब्याला फसवू शकत नाही, तसंच हे.

ही लबाडी एकाच वाक्यात सांगता येते. फोटोला लांबी-रुंदी कळते, खोली कळत नाही. कॅमेऱ्यापासून निघालेल्या एका सरळ रेषेवर एक वस्तू जवळ असो आणि दुसरी दूर, फोटोत दोन्ही एकाच जागी येतात. चिमटीत चंद्र धरलेले फोटो आपण सगळ्यांनी काढलेत, तोच हा खेळ. ठोकळ्यांच्या धबधब्यात खांबाचं टोक आणि वरचा पाट एकमेकांना टेकवायची गरजच नसते. एक पुढे, एक बराच मागे ठेवायचा आणि कॅमेरा अशा जागी लावायचा की दोन्ही एकाच रेषेत येतील. पाणी वर चढलेलं नसतं, ते लांब गेलेलं असतं. लांब गेलेलं आणि वर गेलेलं यातला फरक फोटोला कळत नाही. जिन्याचंही तसंच, कुठेतरी एका जागी तो तुटलेला असतो.

माणसाला दोन डोळे आहेत, मान हलवता येते, म्हणून प्रत्यक्ष समोर उभं राहिल्यावर सहसा फसगत होत नाही. कॅमेऱ्याचा डोळा एकच आणि तोही जागेवर खिळलेला.

घरी करून बघा

यासाठी लेगो विकत आणायची गरज नाही, तो महागही पडतो. कडब्याच्या ताटाचे वीतभर लांबीचे तीन सारखे तुकडे घ्या. पहिला जमिनीवर आडवा ठेवा. त्याच्या उजव्या टोकाला काटकोनात दुसरा, तोही जमिनीवरच, पण आपल्यापासून लांब जाणारा. पहिल्याच्या डाव्या टोकावर तिसरा सरळ उभा करा. बाभळीच्या काट्याने टोचून पक्कं करा, पोरं ताटाची गाडी करताना करतात तसं.

आता मोबाईल घेऊन डावीकडे, उभ्या तुकड्याच्या थोडं मागे या. त्याच्या वरच्या टोकावरून तिरकं खाली बघा. ते टोक आणि जमिनीवरच्या दुसऱ्या तुकड्याचं लांबचं टोक स्क्रीनवर एकमेकांना टेकलं की फोटो काढा. बंद त्रिकोण दिसेल. जवळचं टोक जाड दिसत असेल तर चार पावलं त्याच रेषेत मागे सरका आणि झूम करा. दूर गेल्यावर जवळच्या-लांबच्या वस्तूंच्या आकारातला फरक कमी होतो. मग मोबाईल चार बोटं बाजूला घ्या, त्रिकोण फाटतो.

ऑस्ट्रेलियात पर्थ शहराच्या चौकात असाच साडेतेरा मीटर उंचीचा त्रिकोण १९९९ पासून उभा आहे. ठरावीक जागेवरून तो जुळलेला दिसतो, बाकी सगळीकडून तुटका.

मोबाईलवरचे 'फुकट पाण्याचे' व्हिडिओ

आता मोबाईलवर फिरणारे 'विना वीज पंप' नावाचे व्हिडिओ आठवा. बाटल्या, पाईप, टाकी आणि पाणी आपोआप वर चढून पुन्हा त्याच टाकीत. कॅमेरा बहुतेक एकाच जागी असतो. मागून येणारी बारीक नळी, मातीत पुरलेला पाईप, काहीही त्या चौकटीबाहेर राहू शकतं. असा पंप कुणी विकायला आला तर त्याला एवढंच सांगावं की थांब, मला चारी बाजूंनी फिरून बघू दे, आणि टाकीचं पाणी कुठून येतं ते दाखव. खाली पडलेलं पाणी तेवढंच्या तेवढं पुन्हा वर नेऊन वर चाकही फिरवायचं, हे एशरच्या चित्राबाहेर कुठेच होत नाही.

विजेशिवाय पाणी चढवणारं एक खरं यंत्र मात्र आहे, हायड्रॉलिक रॅम. ते ओढ्याच्या उतारावर चालतं. वाहत्या पाण्याला झडप एकदम बंद करून अडवतं आणि त्या हिसक्याने थोडं पाणी वर ढकलतं. 'थोडं' म्हणजे खरंच थोडं. किती उंच चढवायचं त्यावर ते ठरतं, पण साधारण दहा बादल्या आत घेतल्या तर एखादी वर जाते, बाकीच्या नऊ खाली वाहून जातात. ओढा बारमाही असेल आणि चांगला उतार असेल तरच तो परवडतो.