विहिरींतील ‘औषध’ : टी. सी. एल. भुकटीची सांठवण व वापर

मृगाचा पाऊस पडून ओढे गढूळ वाहूं लागले म्हणजे ग्रामपंचायतीचा माणूस बादली घेऊन विहिरीवर येतो, तींत पांढरी भुकटी कालवितो व तें पाणी विहिरींत सोडतो, हें दृश्य आमच्या वाचकांस नवीन नाहीं. हिलाच खेड्यापाड्यांत टी. सी. एल. पावडर किंवा नुसतें ‘औषध’ म्हणतात. ज्यांचें घर मळ्यांत आहे व पिण्याची विहीर स्वतःची आहे, ते बागायतदार ही भुकटी आपणच आणून ठेवतात. आणून ठेवतात एवढें खरें; परंतु ती कोठें व कशी ठेवतात हें आम्हीं अनेक वस्त्यांवर पाहिलें आहे, आणि जें पाहिलें त्यामुळेंच हा लेख लिहिणें आम्हांस भाग पडलें.

ही भुकटी मूळची कापडाच्या धंद्यांतली. स्कॉटलंडांतील चार्ल्स टेनंट यानें विझविलेल्या चुन्यांत क्लोरीन वायु मुरवून ती तयार केली व इ. स. १७९९ मध्यें तिचें पेटंट घेतलें. सुती कापड पांढरें करावें एवढाच तेव्हां हेतु होता. पुढें १८४७ मध्यें व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहांत सेमेलवाइस नांवाच्या डॉक्टरानें क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुतल्यावांचून बाळंतिणीस हात लावूं नये असा नियम घातला, आणि तेथील बाळंतिणींचे मृत्यु झपाट्यानें कमी झाले. चुन्याच्या पोटांत क्लोरीन सैल बांधलेला असतो व संधि मिळतांच तो सुटतो, हेंच या भुकटीचें सारें सामर्थ्य. पाण्यांत सुटला तर रोगजंतु मारतो. कोठारांत सुटला तर माणसाचा घसा धरतो. आणि हळूहळू हवेंत सुटून गेला तर मागें नुसता चुना उरतो.

ही तिसरी गोष्ट लोकांच्या ध्यानांत येत नाहीं. ताज्या, चांगल्या भुकटींत शेंकडा सुमारें ३३ भाग उपयोगी क्लोरीन असतो. पिशवीचें तोंड उघडें राहिलें, ओल लागली, ऊन लागलें, कीं हा आंकडा उतरूं लागतो. रंग मात्र पांढराच राहतो, त्यामुळें डोळ्यांस फरक कळत नाहीं. आमच्या स्वतःच्या वस्तीवर एके वर्षीं असेंच झालें. आदल्या पावसाळ्यांत उरलेली अर्धी पिशवी सुतळीनें बांधून पडवींत टांगलेली होती. विहिरींत ओढ्याचें पाणी शिरलें तेव्हां तीच भुकटी आम्हीं मोठ्या विश्वासानें टाकली. आठ दिवसांच्या आंत घरांतील तीन माणसें व गड्याचें एक मूल जुलाबानें आडवीं झालीं. मूल वांचलें, परंतु दोन दिवस त्याच्या बापाकडे पाहण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. पाणी तपासलें तेव्हां त्यांत क्लोरीनचा मागमूसही नव्हता. आम्हीं विहिरींत औषध नव्हे, चुना टाकला होता.

तेव्हां भुकटी घ्यावयाची ती एका हंगामापुरतीच घ्यावी. तयार झाल्याची तारीख पाहून घ्यावी, व पिशवी फोडल्याची तारीख वर ठळक लिहावी. ठेवावयाची ती घट्ट झांकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत. पत्र्याच्या डब्यास ती खाऊन टाकते. जागा थंड, अंधारी, कोरडी व वारा खेळता असलेली असावी, आणि डबा जमिनीवर न ठेवतां फळीवर ठेवावा. मात्र ती फळी मुलांच्या हातास लागणारी नसावी. धान्याच्या खोलींत किंवा माणसें निजतात त्या खोलींत ही भुकटी कधींही ठेवूं नये.

येथेंच शेतकऱ्याच्या घरचा विशेष धोका येतो. शहरांतील घरांत खतांचें कोठार नसतें; आपल्या घरीं असतें, व ‘सगळीं औषधें एके ठिकाणीं’ या सोयीच्या कल्पनेनें भुकटीची पिशवी युरियाच्या थप्पीवर जाऊन बसते. युरिया किंवा अमोनियम सल्फेट यांशीं ही भुकटी ओलसर स्थितींत मिसळली तर विषारी, आणि प्रसंगीं स्फोट पावणारे पदार्थ तयार होतात. डिझेल, रॉकेल, तेलकट चिंध्या, कीटकनाशकें व गंधक हींही तिचीं शेजारीं नव्हेत. त्यांच्याशीं संयोग होऊन आग लागूं शकते. भुकटी काढण्याचें मापही निराळें व कोरडें असावें. खताचें माप तिच्यांत बुडवूं नये.

दुसरा वैरी आम्ल. संडास धुण्याचें ॲसिड आतां घरोघर आहे, आणि बाटलींतलें पातळ ब्लीचही किराणा दुकानांत मिळतें. एकानें डाग निघाला नाहीं म्हणून त्यावर दुसरें ओततात. आमच्या वहिनींनीं दिवाळीच्या साफसफाईंत हेंच केलें. आधीं ॲसिड, मग त्यावर भुकटीचें पाणी. दार लोटलेलें, खिडकी वीतभर. हिरवट पिंवळा वायु उठला, आणि त्या खोकत बाहेर येऊन ओसरीवर कोसळल्या. एक दिवस व एक रात्र त्यांस दवाखान्यांत प्राणवायूवर ठेवावें लागलें. हा क्लोरीन वायु हवेच्या सुमारें अडीचपट जड असल्यामुळें खोलगट जागीं सांचून राहतो. गोठ्याबाबतही सावध असावें. जनावरांच्या मुतांत अमोनिया असतो. म्हणून शेण व मूत आधीं साध्या पाण्यानें धुऊन काढावें, जनावरें बाहेर बांधावीं, आणि मगच भुकटीचें पाणी शिंपडावें. शेणावर शिंपडलेली भुकटी फुकटही जाते. तिचें सारें बळ शेणांतच खर्ची पडतें.

ठिबक सिंचनाच्या नळ्या साफ करण्यास कांहीं बागायतदार क्लोरीन वापरतात व क्षार काढण्यास ॲसिड वापरतात. दोन्ही कामें एकाच दिवशीं, एकाच टाकींतून उरकण्याचा मोह धरूं नये. एक काम पुरें करून नळ्या व टाकी स्वच्छ पाण्यानें धुवाव्या, व दुसरें काम अन्य दिवशीं करावें. शिवाय नुकतें औषध टाकलेलें पाणी रायझोबियमसारखीं जिवाणु खतें कालविण्यास घेऊं नये. ज्या जंतूंसाठीं पैसे मोजले तेच मरतात.

आतां विहिरीचें माप. विहिरीचा व्यास मीटरांत मोजून त्यास त्यानेंच गुणावें, पाण्याच्या खोलीनें गुणावें, व त्यास ७८५ नें गुणावें, लिटर निघतात. तीन मीटर व्यास व चार मीटर पाणी असल्यास २८,२६० लिटर झाले. चांगल्या भुकटीचें प्रमाण दर हजार लिटरांस अडीच ग्रॅम, म्हणजे येथें सुमारें ७० ग्रॅम. पाणी गढूळ असल्यास अधिक लागते. आधीं थोड्या पाण्यांत कालवून पातळ लगदा करावा, मग बादली पाऊण भरावी, ढवळून पांच-दहा मिनिटें स्वस्थ ठेवावी. खालीं बसलेला चुना विहिरींत जाऊं देऊं नये. त्यानें पाणी जड होतें. वरची निवळी दुसऱ्या बादलींत घेऊन विहिरींत सोडावी व पाणी हलवावें. हें काम रात्रीं, शेवटचें पाणी भरून झाल्यावर करणें बरें. निदान एक तास तरी पाणी भरूं नये. सकाळीं ओ. टी. च्या द्रवाचे थेंब टाकून पाहावें. पिंवळा रंग आला तर औषध लागू पडलें, न आला तर कमी पडलें किंवा भुकटीच मेलेली आहे. पाण्यास वास येतो अशी घरोघर तक्रार असते. पाणी भरून रात्रभर झांकून ठेवलें म्हणजे तो बराच उतरतो, आणि थोडा वास राहिला तर तो चांगल्याच कामाचा आहे.

कालवितांना वाऱ्याकडे पाठ करून उघड्यावर उभें राहावें, तोंडास फडकें, डोळ्यांस चष्मा व हातांत रबरी मोजे असावेत. डोळ्यांत उडाल्यास वाहत्या पाण्यानें पंधरा-वीस मिनिटें धुवावें व तडक डॉक्टरकडे जावें. पोटांत गेल्यास ओकारी काढूं नये, आणि लिंबू किंवा ताक पाजण्याचा आजीबाईचा उपाय तर मुळींच करूं नये. आंबटाशीं तिचें वैर आहे हें वर आलेंच आहे. पातळ ब्लीच सरबताच्या जुन्या बाटलींत ओतून ठेवण्याची संवय कित्येक घरांत आहे. ती आजच मोडावी.

ज्या विहिरीवर रोज भुकटी घालणें होत नाहीं, तेथें नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें सुचविलेलें दुहेरी मडकें वापरून पाहावें. आंतील मडक्यांत एक किलो भुकटी व दोन किलो जाडी वाळू किंचित् ओलावून भरतात, तें मोठ्या मडक्यांत ठेवतात, दोहोंस एक-एक सेंटिमीटरचें भोंक पाडतात, आणि पाण्याखालीं सुमारें एक मीटर सोडतात. सुमारें ४,५०० लिटर पाण्याच्या लहान विहिरीस, रोजचा उपसा ३६० ते ४५० लिटर असल्यास, असें एक मडकें दोन-तीन आठवडे पुरतें.