गच्चीवरची फळी आणि अनवाणी पाऊल

मे महिन्यातली दुपार. विदर्भातल्या एखाद्या घराची गच्ची. कुरडयांचे वाळवण उचलायला साठी ओलांडलेल्या आजी अनवाणीच बाहेर येतात. पाच-सात मिनिटांचे काम. पायांना काही विशेष जाणवत नाही. संध्याकाळी सुनेचे लक्ष जाते तेव्हा दोन्ही तळव्यांवर पाण्याने भरलेले फोड आलेले असतात. आजींना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, आणि गच्चीवर नुकतीच गडद चॉकलेटी रंगाची, लाकडासारखी दिसणारी फरशी बसवली आहे. उन्हाळ्यात असे पाय घेऊन रुग्णालयात येणारे मधुमेही नवे नाहीत. बाहेरची फरशी निवडताना रंग, किंमत आणि टिकाऊपणा पाहिला जातो. तिच्यावर कोणाचे पाय पडणार आहेत, हे मात्र विचारायचे राहून जाते.

फळी कशाची असते?

बाजारात ‘डब्ल्यूपीसी’ नावाने मिळणारी फळी लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र करून बनवतात. प्लॅस्टिक पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन किंवा पीव्हीसी असते. साध्या लाकडापेक्षा तिला वाळवी कमी लागते आणि दरवर्षी पॉलिश करावे लागत नाही. त्यामुळे गॅलरी, गच्ची, फार्महाऊसचा ओटा अशा ठिकाणी ती लोकप्रिय झाली आहे. पण ही फळी पूर्णपणे पाणी न पिणारी नसते. आतला भुसा उघडा राहिला तर तो ओल शोषतो, फळी फुगते आणि बुरशीचे काळे डाग पडतात. बाहेरून प्लॅस्टिकचे आवरण चढवलेली फळी जास्त टिकते. मात्र सुताराने ती कापली की कापलेल्या टोकाला आतला भाग उघडा पडतो. ती टोके बंद करून घ्यावी लागतात.

उन्हाचा हिशेब

हवामान खाते सांगते ते तापमान सावलीतले असते. नागपूर, चंद्रपूर, अकोल्यात ते ४५ अंशांपर्यंत जाते, तेव्हा थेट उन्हातली गडद फरशी ६० अंशांच्याही पुढे तापू शकते. १९४७ मध्ये मोरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी त्वचा किती तापमानाला किती वेळात भाजते हे मोजले. ४४ अंशांना इजा व्हायला सुमारे सहा तास लागतात, ६० अंशांना साधारण पाच सेकंद. त्यांच्या प्रयोगात वाहते गरम पाणी होते. फळी तितक्या वेगाने उष्णता देत नाही, त्यामुळे वेळ थोडा जास्त मिळतो. पण पाच-सात मिनिटे उभे राहण्याइतका तो नक्कीच नसतो.

निरोगी माणूस इथे वाचतो, कारण त्वचा ४३ अंशांच्या आसपास पोहोचली की वेदना सुरू होते आणि पाय आपोआप उचलला जातो. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पायांच्या नसा बधिर होतात आणि ही सूचनाच मिळत नाही. त्यातच पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला असेल तर साधा फोडही लवकर भरत नाही. जंतुसंसर्ग होतो, आणि कधी गोष्ट बोट किंवा पाय काढण्यापर्यंत जाते. मोनोफिलामेंट नावाचा बारीक नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून हा बधिरपणा दोन मिनिटांत तपासता येतो. प्रत्येक मधुमेहीने वर्षातून एकदा तरी ही तपासणी करून घ्यावी.

पावसाळ्यातली दुसरी बाजू

कोकणात प्रश्न उलटा होतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. महिनोन्‌महिने ओल्या राहणाऱ्या फरशीवर शेवाळ धरते, मग ती जांभ्याची असो, शहाबादी असो की डब्ल्यूपीसीची. फळीच्या खाचांत माती आणि पालापाचोळा साचला की शेवाळ आणखी वाढते. साठीनंतर, विशेषतः स्त्रियांची, हाडे ठिसूळ झालेली असतात. एकदा घसरल्याने खुब्याचे हाड मोडते. मग शस्त्रक्रिया, अंथरुणाला खिळणे, पाठीला जखमा, न्यूमोनिया अशी मालिका सुरू होऊ शकते.

ठेच लागण्याचेही एक कारण या फळीतच असते. प्लॅस्टिकमुळे ती उन्हात लाकडापेक्षा जास्त लांबते. दोन फळ्यांमध्ये फट सोडली नसेल तर टोके एकमेकांना रेटतात आणि वर उचलली जातात.

फळीखाली काय चालले आहे?

या फळ्या आडव्या पट्ट्यांवर बसवतात, त्यामुळे खाली पोकळी राहते. गच्चीला उतार नसेल किंवा पन्हळीचे तोंड पाचोळ्याने तुंबले असेल, तर तिथे कोणाच्या नजरेला न पडता स्वच्छ पाणी साठते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला एवढे पुरते. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. जमिनीलगतच्या ओट्याखाली उंदीर घर करतात, आणि पावसाळ्यात त्यांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. म्हणून पाणी जाण्याच्या तोंडावरची एक फळी तरी सहज काढता येईल अशी ठेवावी आणि पावसाळ्यात दर आठवड्याला खाली पाहावे.

निवडताना

दुकानातून नमुन्याचा तुकडा घरी आणावा. दुपारी दोन वाजता तासभर उन्हात ठेवून ज्याच्या संवेदना शाबूत आहेत अशा व्यक्तीने त्यावर हाताची मागची बाजू टेकवावी. दहा सेकंद टेकवून ठेवता आली नाही, तर ती फळी अनवाणी पायांसाठी नाही. मग त्यावर पाणी ओतून रबरी चपलेने घासून पाहावे. फिकट रंग गडद रंगापेक्षा कमी तापतो. स्क्रूची डोकी आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या सर्वात जास्त चटका देतात, त्या पायवाटेत नसाव्यात. टाइल घेत असाल तर खोक्यावरचा ‘आर’ क्रमांक पाहावा. उघड्यावर आर-११ किंवा त्याहून वरचा असावा. ऐन उन्हाच्या गच्चीला पांढरा चायना मोझेक आणि वर हिरवी जाळी हा स्वस्त पर्यायही चांगला आहे.

फळ्या कापताना उडणारी लाकडाची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते. कारागिराने मास्क लावावा आणि काम सुरू असताना दम्याचा रुग्ण व लहान मुले लांब असावीत. उरलेले तुकडे बंबात किंवा चुलीत घालू नयेत. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड हा श्वासनलिकेला जाळणारा वायू बाहेर पडतो.

इतके करूनही पाय भाजलाच, तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद लावू नये आणि फोड फोडू नये. रुग्ण मधुमेही असेल तर दुखत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण त्याच्या बाबतीत न दुखणे हेच धोक्याचे लक्षण आहे. गच्चीच्या दारात मात्र एक चपलांचा जोड कायम असू द्या, आजी-आजोबांच्या मापाचा.