सिझेरियन झाले, पण बाळंतिणीची चौकशी कोण करणार?

ऑपरेशन थिएटरचे दार उघडते. नर्सबाई दुपट्यात गुंडाळलेले बाळ घेऊन बाहेर येतात. बाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "मुलगा की मुलगी?" दुसरा प्रश्न, "वजन किती भरलं?" मग कुणी पेढ्यांसाठी धावते, कुणी मामाला फोन लावते. आत टेबलावर जिचे पोट शिवले जात आहे, त्या आईची चौकशी मात्र सगळ्यात शेवटी होते. ही आपल्या बहुतेक घरांतली गोष्ट आहे. म्हणून आज आपण बाळाविषयी नव्हे, बाळंतिणीविषयी बोलू.

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याचे उत्तरेकडील दोन तालुके. पूर्वेला आळेफाटा, नारायणगाव, मंचर ही पुणे-नाशिक रस्त्यावरची बाजारपेठेची गावे. तेथे खाजगी दवाखान्यांच्या पाट्या जागोजागी दिसतात. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत आहुपे, तिरपाड, हातवीज, आंबोली अशी आदिवासी गावे. पावसाळ्यात तेथून एखाद्या अवघडलेल्या बाईला घाट उतरवून घोडेगाव किंवा जुन्नरच्या ग्रामीण रुग्णालयात आणायचे, तेथून गरज पडल्यास मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायचे, आणि गुंतागुंत वाढलीच तर पुण्याच्या ससूनची वाट धरायची, हा प्रवास सोपा नाही. एकाच भागात एका बाईला गरज असूनही सिझेरियन वेळेवर मिळत नाही, तर दुसरीला गरज नसताना ते होण्याची भीती असते. दोन्हींत नुकसान आईचेच.

आकडे काय सांगतात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये देशात शंभरातील सुमारे १७ बाळंतपणे सिझेरियनने होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा २१.५ झाला. महाराष्ट्रात तो त्या पाहणीत २५.४ होता. त्याच पाहणीत देशभरातील सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खाजगी दवाखान्यांत ४७.४ टक्के होते. खाजगीकडे अवघड केसेस जातात असे म्हटले, तरी एवढी मोठी तफावत विचार करायला लावते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, लोकसंख्येच्या पातळीवर सिझेरियनचे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्याने माता व बालमृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. मात्र त्याच निवेदनाचे दुसरे सांगणे अधिक महत्त्वाचे आहे. टक्केवारी गाठण्याच्या मागे न लागता, जिला गरज आहे त्या प्रत्येक बाईला सिझेरियन मिळाले पाहिजे. बाळ आडवे असेल, वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, बाळाचे ठोके मंदावले असतील, तर सिझेरियन हे जीवदान आहे. त्याला नकार देत बसू नये.

पण एकदा सिझेरियन ठरले की ते चांगले कसे व्हावे? गेल्या पंचवीस-तीस वर्षांत डॉक्टरांनी जगभर हाच प्रश्न धरून संशोधन केले. गंमत अशी की, त्यातून हाती आलेल्या बऱ्याच गोष्टी साध्या आणि स्वस्त आहेत.

पहिली गोष्ट जंतुसंसर्गाची. पूर्वी जंतुनाशक इंजेक्शन बाळाची नाळ कापल्यावर देत. औषध बाळाच्या अंगात जाऊ नये, हा हेतू. पुढे अनेक चाचण्यांत दिसले की, तेच इंजेक्शन चीर देण्यापूर्वी दिले तर आईच्या गर्भाशयाचा व जखमेचा संसर्ग बराच कमी होतो आणि बाळाला त्याचा अपाय होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये चीर देण्याच्या तीस ते साठ मिनिटे आधी ते द्यावे अशी शिफारस केली. औषध तेच, खर्च तोच. फक्त वेळ बदलली! केस काढायची गरज असल्यास वस्तऱ्याने तासू नयेत, कारण त्याने कातडीला बारीक जखमा होतात, हेही आता मान्य झाले आहे.

अमेरिकेत कळा सुरू झाल्यानंतर किंवा पाणमोट फुटल्यानंतर सिझेरियन कराव्या लागलेल्या २,०१३ स्त्रियांवर एक चाचणी झाली. नेहमीच्या औषधाबरोबर ॲझिथ्रोमायसिनचा एक डोस दिल्यावर संसर्गाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.१ टक्क्यांवर आले. हा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे हेच औषध नैसर्गिक बाळंतपणात उपयोगी पडेल का, हे सात देशांतील २९ हजारांहून अधिक स्त्रियांमध्ये तपासले गेले. त्यात आपल्या नागपूर आणि बेळगाव परिसरातील आयाबहिणींचाही सहभाग होता. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या निकालात आईला होणारा गंभीर संसर्ग किंवा मृत्यू यांचे प्रमाण २.४ वरून १.६ टक्क्यांवर आल्याचे दिसले. शास्त्र म्हणजे केवळ परदेशी प्रयोगशाळेतली गोष्ट नव्हे. त्यात आपल्याकडच्या सामान्य बायांचेही योगदान आहे, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट खाण्यापिण्याची. "पोट फाडलंय, चोवीस तास पाण्याचा थेंब देऊ नका," असा दंडक अनेक घरांत आजही पाळला जातो. वस्तुतः कंबरेत इंजेक्शन देऊन केलेल्या, गुंतागुंत नसलेल्या सिझेरियननंतर दोन-चार तासांत पाणी, चहा, पेज आणि मग हलके जेवण सुरू करण्यात धोका दिसलेला नाही. उलट आतडी लवकर काम करू लागतात. साधे च्युइंग गम चघळल्यानेही वायू लवकर सरतो, असे अभ्यासांत आढळले आहे. अर्थात डॉक्टरांना विचारूनच द्यावे. पण न विचारता उपाशी ठेवणे हे शहाणपण नव्हे.

तिसरी गोष्ट उठण्याची. लघवीची नळी लवकर काढणे, त्याच दिवशी आधार देऊन बसवणे, चार पावले चालवणे, यामुळे पायातल्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका कमी होतो. त्यासाठी दुखणे आटोक्यात हवे. "बाईच्या जातीनं सोसायचंच असतं," हे वाक्य आता घराबाहेर टाकावे. वेदनाशामक गोळी ठरलेल्या वेळी मागणे हा तिचा हक्क आहे. कंबरेतल्या इंजेक्शनने जन्मभर कंबर दुखते, या समजुतीलाही अभ्यासांत आधार मिळालेला नाही.

चौथी गोष्ट बाळाची. आई शुद्धीवर असते, म्हणून पहिल्या तासातच बाळाला तिच्या उघड्या छातीवर ठेवून चीक पाजता येतो. सिझेरियन झाले म्हणून मध, गुटी किंवा वरचे दूध देण्याचे कारण नाही.

आता विश्रांतीचा प्रश्न. टोमॅटोच्या तोडणीला, कांद्याच्या लागवडीला, उसाच्या फडात जाणाऱ्या भगिनींना दीड महिना ओझे उचलू नका असे सांगणे सोपे; रोज बुडाला तर चूल कशी पेटणार? १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, बाळंतपणापूर्वी व नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका घेतली. ते विधेयक कारखान्यातल्या स्त्रियांसाठी होते. शेतमजूर बाई अजून त्या सावलीबाहेरच आहे. तिच्यासाठी निदान घरच्यांनी पाण्याचा हंडा, सरपणाचा भारा आपल्या खांद्यावर घ्यावा. शासनाच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात सिझेरियन, औषधे, रक्त, सात दिवसांचे जेवण आणि ने-आण मोफत आहे. हा हक्क आहे, उपकार नव्हे.

घरी निघताना एक कागद मागून घ्या. सिझेरियन कोणत्या कारणाने झाले आणि गर्भाशयावर छेद कसा घेतला, हे त्यावर लिहिलेले असावे. पुढच्या खेपेला दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे लागले तर तोच कागद बोलतो. दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर ठेवा. पहिले सिझेरियन म्हणजे पुढचेही सिझेरियनच, असे नाही. योग्य निवड झाल्यास बहुसंख्य स्त्रियांची पुढची प्रसूती नैसर्गिक होऊ शकते. मात्र तातडीचे ऑपरेशन करण्याची सोय असलेल्या रुग्णालयातच ती व्हावी, घरी कदापि नाही. कारण जुना टाका उसवला तर वेळ मिनिटांत मोजावी लागते.

आणि ताप, जखमेतून पू, घाण वासाचे जाणे, अतिरक्तस्राव, पोटरी सुजून दुखणे, धाप, असह्य डोकेदुखी यांपैकी काहीही दिसले तर अंगारे-धुपारे न करता १०८ ला फोन करा. सुईणीने पाहावे, सकाळ होऊ द्यावी, असे म्हणत रात्र काढू नका.

पुढच्या वेळी थिएटरचे दार उघडेल, तेव्हा बाळाचे कौतुक जरूर करावे. पण त्याआधी नर्सबाईंना विचारावे, "आमची लेक कशी आहे?"