पट्टा पडल्यावर बोटीचा प्रवास



आमच्या आईने आयुष्यभर उसाला पाणी पाजलं, पण समुद्र काही पाहिला नव्हता. "डोळे मिटायच्या आधी एकदा दाखव रे," असं ती म्हणायची. यंदा कारखान्याचा पट्टा पडला, ऊसबिल जमा झालं आणि मुंबई-गोवा क्रूझ बोटीची दोन तिकिटं काढली. बिनखिडकीची आतली खोली घेतली, ती सर्वांत स्वस्त. जेवण भाड्यातच धरलेलं होतं. पीककर्जाला हात लावला नाही. आपणही लावू नये.

बोट काही एस.टी.सारखी हात केल्यावर थांबत नाही. म्हणून एक दिवस आधीच मुंबई गाठली. गेटवे ऑफ इंडिया पाहिलं. ते १९२४ साली खुलं झालं आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण तिथूनच परत गेली. तिथून लाँचने तासाभरात घारापुरी. लेणी सोमवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवावे. पायऱ्या शंभरावर आहेत. आई तीनदा बसली, पण चढली. त्रिमूर्ती सुमारे २० फूट उंच, बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी बॅलार्ड पिअरला ओळखपत्रं दाखवून बोटीत चढलो. संध्याकाळी मुंबईचे दिवे मागे पडले. आई कठडा धरून उभी होती. म्हणाली, "एवढं पाणी, पण एका सरीच्याही उपयोगाचं नाही!" मग बराच वेळ काही बोलली नाही.

घरच्या थोरांना न्यायचं असेल, तर पावसाळ्याआधी न्या. उसाला खोडवा येतो, आयुष्याला येत नाही.

— एक सभासद